चौघींचा एप्रिल

फेब्रुवारीतली दुपार. लंडनमध्ये पावसाची पिरपिर चालू आहे. शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवरच्या बायकांच्या एका क्लबात लॉटी विल्किन्स ‘द टाइम्स’ उघडून बसली आहे. घरी जाताना नवऱ्याच्या जेवणासाठी मासे घ्यायचे, एवढंच पुढचं काम. तेवढ्यात जाहिरातींच्या रकान्यात तिला एक मजकूर दिसतो. इटलीत, भूमध्य समुद्राच्या काठी, एक छोटासा जुना किल्ला एप्रिल महिन्यापुरता भाड्याने देणे आहे. सामानसुमान आणि नोकरचाकर तिथलेच. विस्टेरियाची फुलं आणि ऊन यांची ज्यांना आवड आहे, त्यांच्यासाठी ही जाहिरात आहे.

लॉटी पेपर खाली ठेवून खिडकीशी जाते आणि रस्त्यावरचा चिखल बघत उभी राहते. मग तिचं लक्ष जातं ते त्याच पानावर नजर खिळवून बसलेल्या दुसऱ्या एका बाईकडे. ही रोझ आर्बथनॉट. दोघी हॅम्पस्टेडच्या, एकमेकींना चेहऱ्याने ओळखणाऱ्या, पण कधी बोललेल्या नाहीत. चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारी लॉटी त्या दिवशी धीर करून रोझकडे जाते आणि विचारते, तुम्हीही तीच जाहिरात वाचताय का?

एलिझाबेथ फॉन आर्निम या लेखिकेची ‘द एन्चांटेड एप्रिल’ ही कादंबरी अशी सुरू होते. ती १९२२ साली प्रसिद्ध झाली. समुद्राकाठचं घर, चार-पाच बायका, प्रत्येकीच्या मनात एकेक सल आणि हाताशी मोजके दिवस, या घडणीच्या कादंबऱ्या आज अमेरिकेत आणि युरोपात दर उन्हाळ्यात नेमाने येतात. सुट्टीत वाचायच्या आणि विसरून जायच्या, असं त्यांच्याबद्दल सर्रास बोललं जातं. हे मला अन्यायाचं वाटतं. दुःख अंगावर आलेलं असताना माणसाला एकटं पाडणं किती सोपं असतं आणि ते एकटेपण कशाकशाने तुटतं, हे या कादंबऱ्यांनी फार बारकाईने पाहिलं आहे. ‘द एन्चांटेड एप्रिल’ हे त्याचं एक जुनं आणि सरस उदाहरण आहे.

चौघी आणि त्यांची दुखणी

लॉटीचा नवरा मेलर्श वकील आहे. देखणा, मोजूनमापून बोलणारा, काटकसरीचा कैवारी. स्वतःच्या ताटातल्या पदार्थांना मात्र त्याची काटकसर लागू नाही. तो लॉटीला मारत नाही, ओरडत नाही. त्याच्या लेखी ती फारशी अस्तित्वातच नाही. पार्ट्यांमध्ये तिच्याशी कोणी बोलत नाही, आणि बोलायला लागलं तर तिला शब्द सुचत नाहीत.

रोझचं दुखणं वेगळं. ती देवभोळी, दानशूर, गोरगरिबांत रमणारी. तिचा नवरा फ्रेडरिक राजेमहाराजांच्या रखेल्यांची चरित्रं लिहितो आणि ती पुस्तकं धडाक्याने खपतात. त्या पैशाची रोझला लाज वाटते, म्हणून ती तो गरिबांवर खर्च करते. एकेकाळी या दोघांचं एकमेकांवर खूप प्रेम होतं. त्यांचं बाळ गेलं. मग तिने देवाचा आधार घेतला, त्याने घराबाहेरच्या जगाचा. आता दोघं एका छताखाली परक्यासारखी राहतात.

किल्ल्याचं भाडं दोघींना झेपणारं नसतं. म्हणून त्या स्वतःच जाहिरात देतात आणि आणखी दोघी मिळवतात. लेडी कॅरोलाइन डेस्टर अठ्ठावीस वर्षांची, उमराव घराण्यातली, इतकी सुंदर की लोक तिच्याकडे नुसते बघत राहतात. तिला या बघण्याचा वीट आला आहे. ज्याच्याशी तिने लग्न केलं असतं तो युद्धात मेला. तिची गंमत अशी की ती रागावली तरी तिचा आवाज गोडच लागतो. ‘मला एकटीला राहू द्या’ असं तिने कितीही तोडून म्हटलं, तरी ऐकणाऱ्याला ते लाडिक वाटतं. आपला राग कोणाला ऐकूच येत नाही, ही केवढी कोंडी! एलिझाबेथने ती हसत हसत मांडली आहे, पण वाचणारीला त्यातला घुसमटलेला श्वास कळतो.

चौथ्या मिसेस फिशर. वय पासष्ट, विधवा, हातात काठी. लहानपणी वडिलांच्या घरी टेनिसन, कार्लाइल, मॅथ्यू अर्नल्ड अशी बडी मंडळी यायची, त्या आठवणींवर त्यांचा दिवस निघतो. जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची सोबत त्यांना बरी वाटते, कारण मेलेली माणसं बदलत नाहीत.

चार वयं, चार आर्थिक थर, चार तऱ्हेची दुःखं. यातलं एकही दुःख किरकोळ नाही. पुस्तक हलकं वाटतं ते त्याच्या सांगण्याच्या ढंगामुळे.

साठ पौंड

एका महिन्याचं भाडं साठ पौंड. चौघींत वाटलं की प्रत्येकी पंधरा. या आकड्याकडे नीट बघायला हवं, कारण अख्खी कादंबरी त्यावर उभी आहे.

लॉटीला कपड्यालत्त्यासाठी वडिलांकडून वर्षाला शंभर पौंड मिळतात. नवऱ्याच्या सांगण्यावरून अडीनडीसाठी म्हणून तिने त्यातून नव्वद पौंड मागे टाकले आहेत. जाहिरात वाचताना तिच्या मनात येतं की ज्या वाईट दिवसासाठी हे पैसे ठेवले, तो दिवस हाच तर नसेल? ती नवऱ्याला न विचारता ठरवून टाकते. पुढे किल्ल्याबद्दल काही बोलायच्या आत मेलर्शच जाहीर करतो की यंदा ईस्टरला मी तुला इटलीला नेणार आहे. लॉटीची जी भंबेरी उडते, तो या पुस्तकातला अत्यंत मजेदार प्रसंग आहे.

इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईचा पैसा आणि मालमत्ता तिच्या स्वतःच्या मालकीची असते, हे कायद्याने मान्य झालं ते १८८२ साली. म्हणजे लॉटीच्या आईच्या पिढीने तो बदल डोळ्यांसमोर होताना पाहिला असणार. मतदानाचा हक्क १९१८ साली मिळाला, तोही तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडलं. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाच्या एकट्या कारणावर घटस्फोट मागता येईल, अशी तरतूद १९२३ साली आली. ही कादंबरी त्याच्या एक वर्ष आधीची. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांवर सैनिक मेले होते आणि १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या सतरा लाखांहून जास्त भरली. वर्तमानपत्रं या बायकांना ‘जादा’ म्हणून मोकळी झाली होती.

अशा काळात चार बायका कोणा पुरुषाला न विचारता, आपापल्या पैशातून, वर्गणी काढून एक घर महिनाभरासाठी घेतात. कादंबरी यावर एकही भाषण ठोकत नाही. ती फक्त पंधरा-पंधरा पौंडांचा हिशेब मांडते आणि गाडी इटलीच्या दिशेने सोडते.

किल्ल्यातलं राजकारण

बायका एकत्र आल्या की लगेच एकमेकींच्या गळ्यात पडतात, असा भाबडा समज या कादंबरीत कुठेही नाही. पावसाळी काळोख्या रात्री लॉटी आणि रोझ सान साल्वातोरे या त्या किल्ल्यावर पोहोचतात. सकाळी लॉटी खिडकीची दारं ढकलते आणि समोर ऊन, समुद्र, फुलं बघून तिचा जीव हरखून जातो. मग कळतं की बाकीच्या दोघी आधीच येऊन बसल्यात आणि चांगल्या खोल्या त्यांनी आपल्याकडे घेतल्या आहेत. बसायउठायची छान खोली मिसेस फिशरनी एकटीसाठी राखून ठेवली आहे. बागेतला उत्तम कोपरा लेडी कॅरोलाइनने.

न्याहारीच्या टेबलाचा प्रसंग तर मुळातूनच वाचावा. मुख्य खुर्चीवर मिसेस फिशर बसल्या आहेत आणि नंतर आलेल्यांना यजमानीणबाईंच्या थाटात काय हवं-नको विचारताहेत. जाहिरात पाहिली लॉटीने आणि रोझने, पत्रव्यवहार केला रोझने, पैसे आधी भरले रोझने आणि लॉटीने. म्हणून रोझही तितक्याच अदबीने मिसेस फिशरना कॉफीचा आग्रह करू लागते. दोघी अतिशय सभ्य, दोघींच्या तोंडी साखर, आणि चाललंय ते या घरात मालकीण कोण याचं युद्ध. आवाज कोणाचाही चढत नाही. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून अशी किती युद्धं ‘अहो, राहू द्या, मी करते’ या एका वाक्याने लढली गेली असतील!

लिखाणाची खुबी इथे आहे. एलिझाबेथ आलटून पालटून प्रत्येकीच्या मनात शिरते. एकीला दुसरीबद्दल काय वाटतं आणि दुसरीच्या मनात खरं काय आहे, हे दोन्ही वाचकाला ठाऊक असतं, त्या दोघींना नसतं. रोझचा त्याग मिसेस फिशरना आगाऊपणा वाटतो. कॅरोलाइन एकटी बसली की तिचं डोकं दुखतंय असं इतरांना वाटतं आणि त्या तिची विचारपूस करून तिला भंडावून सोडतात. हसू येतं ते या गैरसमजांचं. पण हसता हसता वाचकाला चौघींचीही बाजू कळलेली असते, आणि हे काम गंभीर कादंबऱ्यांनाही दर वेळी साधत नाही.

मग हळूहळू काय बदलतं? कोणी कोणाला उपदेश करत नाही. रोझ फ्रेडरिकबद्दल थोडंफार बोलते, पण एका रात्रीत सगळ्यांनी मनं मोकळी केली असं काही घडत नाही. घडतं ते वेगळंच. कॅरोलाइनला आयुष्यात पहिल्यांदा सलग काही तास एकटीला बसायला मिळतं आणि ती विचार करू लागते. आपली अठ्ठावीस वर्षं नुसत्या गोंगाटात गेली, हे तिला दिसतं. मिसेस फिशरच्या अंगात काहीतरी पालवतंय अशी त्यांना विचित्र जाणीव होते, त्या अस्वस्थ होऊन येरझारा घालू लागतात. लॉटीला वाटतं, इतकं सुख एकटीने भोगणं हा कंजूषपणा आहे, आणि ज्या नवऱ्यापासून सुटका म्हणून ती आली, त्याच मेलर्शला ती पत्र टाकून बोलावून घेते.

एकांत आणि सोबत दोन्ही एकाच घरात मिळणं, ही या महिन्याची किमया आहे. घरी लॉटी एकटी होती पण तिला एकांत नव्हता. कॅरोलाइन सदा माणसांत होती पण तिला सोबत नव्हती. किल्ल्यात दार लावून घेता येतं, आणि दार उघडलं की पलीकडे एक अशी बाई असते जिचं आपल्यावाचून काही अडलेलं नाही आणि जिला आपल्याकडून काही काढून घ्यायचं नाही. ‘अमक्याची बायको’ हे बिरुद तिथे कोणाला माहीत नसतं. तीस दिवसांनी हे संपणार हेही सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे रुसवेफुगवे फार लांबवायला कोणाला सवड नसते.

आधी ‘व्हेरा’, मग एप्रिल

ही कादंबरी लिहिणारी बाई सुखवस्तू असली तरी सुखात नव्हती. एलिझाबेथचं मूळ नाव मेरी अ‍ॅनेट बोशाम्प. जन्म १८६६ चा, सिडनीतला. कथालेखिका कॅथरीन मॅन्सफील्ड तिची चुलत नात्यातली बहीण. १८९१ साली तिचं लग्न प्रशियातले जमीनदार काउंट फॉन आर्निम यांच्याशी झालं आणि पुढे ती पोमेरेनियातल्या नासेनहाइडे या खेड्यात राहू लागली. तिथल्या बागेवर लिहिलेलं ‘एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन’ हे पुस्तक १८९८ साली लेखिकेच्या नावाशिवाय निघालं आणि खूप गाजलं. पाच मुलं झाली. त्यांना शिकवायला काही काळ कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर होता. काउंट कर्जात बुडाला आणि १९१० साली वारला. युद्धाच्या काळात, १९१६ साली, तिची सोळा वर्षांची एक मुलगी जर्मनीत दगावली.

त्याच वर्षी तिने फ्रान्सिस रसेल याच्याशी लग्न केलं. हा तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचा थोरला भाऊ. हे लग्न म्हणजे यातना होत्या. तीन वर्षांत ती घर सोडून निघाली. घटस्फोट मात्र कधीच झाला नाही.

या अनुभवातून १९२१ साली ‘व्हेरा’ आली. लूसी नावाची तरुण मुलगी, वडील नुकतेच वारलेले, अशा अवस्थेत तिला एव्हरर्ड वेमिस भेटतो. त्याची पहिली बायको व्हेरा खिडकीतून पडून मेलेली आहे. तो लूसीशी लग्न करतो आणि तिचं जग एकेक करून काढून घेतो. पुस्तकांच्या कपाटांना कुलुपं असतात. जेवण, झोप, हसणं, सगळं त्याच्या लहरीवर. लूसीच्या बाजूने उभी राहणारी एकच व्यक्ती असते, तिची अविवाहित आत्या. शेवटी वेमिस त्या आत्यालाच घराबाहेर काढतो. पुस्तक तिथे संपतं आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो, कारण आता त्या घरात लूसीचं काय होणार ते सांगायची गरजच उरत नाही.

‘व्हेरा’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, वसंतात, एलिझाबेथ इटलीच्या पोर्तोफिनोत एका किल्ल्यावर राहिली होती. तो किल्ला आज कास्तेलो ब्राउन म्हणून ओळखला जातो. जिनोआतले ब्रिटिश वाणिज्यदूत मॉन्टेग्यू येट्स-ब्राउन यांनी तो १८६७ साली विकत घेतला होता, त्यावरून हे नाव पडलं. सान साल्वातोरे उभा राहिला तो या मुक्कामातून. पुढच्याच वर्षी ‘द एन्चांटेड एप्रिल’ आली.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट लख्ख कळते. पहिल्यात नवरा बायकोला तिच्या एकुलत्या एका माणसापासून तोडतो आणि खेळ संपतो. दुसऱ्यात एक भित्री बाई एका अनोळखी बाईशी बोलायला उठते आणि गोष्ट सुरू होते. छळाचं हत्यार एकटेपण आहे, हे जिने पुरतं भोगलं होतं, तिनेच हे सोबतीचं पुस्तक लिहिलं. त्यातली प्रसन्नता अज्ञानातून आलेली नाही. ती फार महागात पडलेल्या शहाणपणातून आली आहे.

उन्हाळ्यातलं वाचन

आपल्याकडे वाचनाचा हंगाम दिवाळीचा. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर वाचायलाही काहीतरी लागतं. अमेरिकेत हा हंगाम उन्हाळ्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे समुद्रकिनाऱ्यांपर्यंत आणि थंड हवेच्या गावांपर्यंत पोहोचली, मध्यमवर्गाला सुट्टीवर जाणं परवडू लागलं, आणि प्रकाशकांनी खास उन्हाळ्यासाठी स्वस्त, कागदी वेष्टनातल्या कादंबऱ्या काढायला सुरुवात केली. धर्मोपदेशकांनी त्यांच्यावर झोड उठवली. सुट्टीत कचरा वाचून तरुण मुली बिघडतील ही त्यांची भीती. बायकांच्या आवडीच्या पुस्तकांना नाक मुरडण्याची ही परंपरा अशी जुनी आहे.

एलिझाबेथच्या वाट्यालाही उपेक्षा आली. १९४१ साली ती अमेरिकेत वारली आणि पुढे तिची पुस्तकं दुकानांतून दिसेनाशी झाली. बायकांचं विस्मृतीत गेलेलं लिखाण पुन्हा छापणाऱ्या ‘विरागो’ या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने १९८० च्या दशकात ती परत आणली. १९९१ साली माइक न्यूएलने ‘द एन्चांटेड एप्रिल’वर चित्रपट केला, त्याचं चित्रीकरण पोर्तोफिनोच्या त्याच किल्ल्यात झालं. मिसेस फिशर झालेल्या जोन प्लोराइटला ऑस्करचं नामांकन मिळालं.

मधल्या काळात ही घडण अटलांटिकपलीकडे रुजली होती. १९९२ साली टेरी मॅकमिलनची ‘वेटिंग टू एक्झेल’ आली. अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरातल्या चार कृष्णवर्णीय मैत्रिणींची ही गोष्ट. एकीला नवरा सोडून जातो, एकीला हृदयविकाराचा झटका येतो, आणि बाकीच्या धावून येतात. पुस्तक लाखांनी खपलं आणि कृष्णवर्णीय बायका कादंबऱ्या विकत घेऊन वाचतात, हे अमेरिकेतल्या प्रकाशकांना मान्य करावं लागलं.

आज या प्रकारात मोठं नाव एलिन हिल्डरब्रँडचं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या नँटकेट बेटावर ती राहते आणि तिच्या बहुतेक कादंबऱ्या तिथेच घडतात. बेटही कसं नेमकं! एकेकाळी इथले पुरुष देवमाशांच्या शिकारीसाठी वर्षानुवर्षं समुद्रावर असायचे. मागे राहिलेल्या बायका दुकानं चालवायच्या. गावातल्या सेंटर स्ट्रीटवर बायकांची इतकी दुकानं होती की त्या भागाला ‘पेटिकोट रो’ असं नाव पडलं.

हिल्डरब्रँडची ‘द फाइव्ह-स्टार वीकेंड’ (२०२३) ही कादंबरी या घडणीचं आजचं रूप दाखवते. पाककृतींचा ब्लॉग लिहिणाऱ्या हॉलिस शॉचा नवरा मोटार अपघातात मरतो. ती आयुष्याच्या चार टप्प्यांवरच्या चार मैत्रिणींना शनिवार-रविवारच्या सुट्टीला नँटकेटला बोलावते. बालपणीच्या मैत्रिणीची बायोप्सी झाली आहे आणि ती निकालाची वाट बघते आहे. कॉलेजातली मैत्रीण समाजमाध्यमांवरच्या वादळात सापडून नोकरी गमावायच्या बेतात आहे. तिसरीच्या नवऱ्यावर कामाच्या ठिकाणी छळ केल्याचा आरोप आहे. आणि चौथी, इंटरनेटवरून ओळख झालेली, हीच त्या मेलेल्या नवऱ्याची प्रेयसी असते.

शंभर वर्षांत किल्ल्याचा बंगला झाला, ‘टाइम्स’च्या रकान्याची जागा इंटरनेटने घेतली. बायका आता आपली गुपितं एकमेकींसमोर उघडपणे मांडतात, रोझ आणि लॉटीने तेवढं धाडस केलं नव्हतं. पण पाया तोच आहे. दूरवरचं घर, ठरावीक दिवस, आणि एकमेकींहून अगदी निराळ्या बायका.

मराठीत ही घडण अलीकडे पडद्यावर आली. हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’त (२०२१) सात जणी सहलीला इंग्लंडला जातात. केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’त (२०२३) सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने पुन्हा एकत्र येतात. दोन्ही चित्रपटांना बायका घोळक्याने गेल्या, आईला, जावांना, भिशीतल्या मैत्रिणींना घेऊन गेल्या. दुसऱ्या चित्रपटाने मंगळागौरीचा आधार घेतला हे फार योग्य झालं. सासुरवाशिणींना रात्रभर जागायची, नाचायची, उखाण्यांतून मनातलं बोलायची हक्काची सवड आपल्या समाजाने तिथेच ठेवली होती.

आक्षेप आणि त्यांचं उत्तर

या कादंबऱ्यांवरचे दोन आक्षेप मला रास्त वाटतात.

पहिला असा की ही सुटका पैसेवाल्यांची आहे. सान साल्वातोरेत लॉटीला ऊन आणि फुलं मिळतात, कारण कोस्तान्झा चुलीपुढे उभी असते, फ्रान्चेस्का खोल्या आवरते आणि दोमेनिको बागेला पाणी घालतो. कोस्तान्झाला महिनाभराची सुट्टी कोण देणार, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. तो वाचणाऱ्याला पडला पाहिजे.

दुसरा आक्षेप शेवटाचा. एका महिन्यात नवरे सुधारतात, मनं जुळतात, हे फार सोयीचं आहे असं म्हणतात. इथे मात्र एलिझाबेथ दिसते त्याहून कडक आहे. मेलर्श येतो तेव्हा त्याच्या मनात पहिली गोष्ट असते ती लेडी कॅरोलाइनसारखी बडी अशील मिळण्याची शक्यता. फ्रेडरिकचं प्रकरण तर याहून बोचरं आहे. तो येतो लेडी कॅरोलाइनच्या ओढीने, आपली बायको तिथे आहे याचा त्याला पत्ताही नसतो. रोझ समजते की आपल्या पत्राला ओ देऊन तो आला, आणि धावत जाऊन त्याला बिलगते. कॅरोलाइनच्या सगळं लक्षात येतं. ती एका शब्दाने रोझचा भ्रम मोडत नाही, उलट फ्रेडरिकला सावरून घेते. रोझला खरं कधीच कळत नाही. आपल्याला कळतं.

म्हणजे हा गोड शेवट एका बाईने दुसरीसाठी गप्प राहून जपलेला आहे. संसार कशावर टिकतात याबद्दल एवढं कटू आणि एवढं ममतेने फार थोड्या लेखकांनी लिहिलं असेल. ज्या कॅरोलाइनला माणसं नकोशी झाली होती, तिने हे करावं, यातच तिच्या महिनाभराच्या एकांताचं फळ दिसतं.

अशा कादंबऱ्यांमध्ये सुमार मालही पुष्कळ निघतो, हे खरं आहे. पण त्यांतली चांगली निवडायची कसोटी अवघड नाही. घराचं भाडं कोण भरतं, स्वयंपाक कोण करतं, आणि या बायकांना इथे येण्याआधी एकटं कोणी पाडलं होतं, हे तीन प्रश्न पुस्तकाला विचारावेत. जे पुस्तक त्यांतल्या एकाचं जरी खरं उत्तर देतं, ते सुट्टी संपल्यावरही जवळ ठेवण्याजोगं असतं. ‘द एन्चांटेड एप्रिल’ पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर चोख देते आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवते. तो दुसरा प्रश्न घेऊन, कोस्तान्झाच्या बाजूने, तितकीच हसरी कादंबरी कोणीतरी लिहावी असं मला मनापासून वाटतं. मराठीत ती लिहिली गेली तर फारच उत्तम.